गाठीला

चष्मा घरी राहिला, म्हणून फॉर्म हे भरतायत.
उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर
लोखंड कापणाऱ्या हाताला
एवढं गोल अक्षर कुठनं आलं, मला अजून उमगलेलं नाही.

नाव: मालन दिनकर पोवार. वय बासष्ट.
तपासणी: डाव्या बाजूचा स्कॅन, आणि सुईनं तुकडा.
पूर्ण दर तेवीस हजार. ट्रस्टच्या सवलतीत साडेपाच,
पण त्याआधी सगळं दाखवायचं.

केशरी रेशनकार्ड. लाईटचं बिल.
करवीर कचेरीतला उत्पन्नाचा दाखला, त्याला तीन खेपा,
तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले.
सहा महिन्यांचं पासबुक.
बागवान मॅडम पानं उलटतात
बोट स्पंजच्या डबीत बुडवून.
वाईट नाही पोरगी. फक्त आवाज मोठा.

"मुलगा पुण्याला म्हणता. काय पाठवतो?"
दिवाळीपासून काही नाही.
"हे दोनशे दर महिन्याला कुणाला?"
जावेच्या पोरीला. नर्सिंगला आहे.
"आणि हे सोनाराकडून आलेत?"
मोडलं. पाटली होती एक.

मागच्या बाकावर कागलची एक बाई.
सकाळी नावसुद्धा विचारलं नव्हतं तिनं,
आता आमचा पोरगा पैसे पाठवत नाही
हे तिला ठाऊक. तिनं पिशवीतला केळ्यांचा फणा
माझ्याकडं केला. मी नको म्हटलं.
मग एक घेतलं.

चार महिने गाठ कुणाला दाखवली नव्हती.
न्हाणीत, दिवा घालवून,
आम्हा दोघींचीच काय ती ओळख.

"मावशी, अजून काही गाठीला?"
रकाना अकरा. इतर ठेवी.
ह्यांनी 'नाही' लिहायला पेन टेकवलं.
मी म्हटलं, थांबा.

गंगावेशीतली पतसंस्था. पिग्मी.
चौगुले एजंट दुपारी तीनला यायचा, हे कामावर असताना.
दहा रुपये, पुढं वीस,
पिको-फॉलच्या पैशातले.
खातं मालन ज्ञानू खोत.
एकसष्ट हजार तीनशे चाळीस.

पेन तिथंच.
"कधीपास्नं?"
"शहाण्णव."

शहाण्णव साली काय झालं ते
आम्ही मोठ्यानं कधी म्हटलेलं नाही.
त्यानंतर ह्यांनी बाटली सोडली, हे खरं.
माझं उजवं कोपर पूर्ण सरळ होत नाही, हेही.

"कशाला ठेवलीस?"
"इचलकरंजीत खोली बघितलो होतो. पोरांना घेऊन."
मॅडमचा स्टेपलर थांबला.
"गेलो न्हाई ना," मी म्हटलं.

लिहिले ह्यांनी. आकड्यात, मग अक्षरी,
एकसष्ट हजार तीनशे चाळीस फक्त.

मॅडमनी वाचलं. पन्नासच्या वर गेलं तर
सवलत बसत नाही, हे ह्या वेळी त्या
हळू आवाजात बोलल्या.
"आणि खाडाखोड चालत नाही बघा."
एक कोरा फॉर्म सरकवला
आणि पंख्याचं बटण बघायला उठल्या.
पंखा चालूच होता.

पुन्हा पहिल्यापासून. नाव. वय. तेच गोल अक्षर.
एका रकान्याला वेळ लागला.
"काय लिहिलं?"
"निरंक," हे म्हणाले. "तुझं हाय ते. ऱ्हाऊ दे."

वरील सर्व माहिती खरी आहे,
त्याखाली सही माझी लागत होती. केली.
खरं सांगायचं तर हात थरथरला नाही.

आत जाताना सिस्टर म्हणाल्या, अंगावरचं सगळं काढा.
बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी ह्यांच्या हातात दिली,
आणि झंपरातला बटवा.
त्यात पिग्मीचं कार्ड आहे
हे आता दोघांनाही माहीत.

पाऊण तास. बाहेर आले
तेव्हा हे उभेच, ओंजळ तशीच धरून,
जसा कुणी प्रसाद सांडू नये म्हणून उभा राहतो.
मी आधी बटवा घेतला.
बंद बघितला. गाठ माझीच होती,
उलटी, डावखुऱ्या हाताची.